तो ड्रेस माझ्या अंगावर तसा का दिसत नाही?

पत्र:

‘गेली सहा वर्षे मी माझ्या रोजच्या कपड्यांविषयी एक ब्लॉग लिहिते. मी मॉडेल नाही. साध्या अंगाच्या, नोकरी करणाऱ्या बाईला काय शोभते आणि काय टिकते हे सांगणारे कोणी दिसेना, म्हणून मी लिहू लागले. दोन वर्षांपूर्वी एका आजारात मला बराच काळ स्टेरॉइडची औषधे घ्यावी लागली आणि त्यांतली थोडी अजूनही चालू आहेत. माझे वजन बारा किलोंनी वाढले, चेहरा गोल झाला. सुरुवातीला मी जुनी छायाचित्रे वापरली, मग कपडे पाठीमागून क्लिपांनी आवळू लागले आणि गेले वर्षभर एका ॲपमध्ये कंबर व दंड बारीक करून घेते. वाचक मला “तुम्ही किती खऱ्या आहात” असे लिहितात. मागच्या महिन्यात एकीने लिहिले, “तुमची-माझी उंची एक, साइजही एकच, म्हणून तो ड्रेस घेतला. तुमच्या कमरेवर तो किती छान बसतो! माझ्या अंगावर तसा दिसत नाही, तेव्हा दोष माझ्या शरीराचाच असणार.” त्या रात्री मला झोप लागली नाही. मी खोटारडी आहे का? सगळे कबूल करून टाकावे, की ब्लॉगच बंद करावा? आणि जे शरीर माझे मलाच आवडत नाही, ते लोकांसमोर कशासाठी ठेवायचे?’

— अस्वस्थ

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी मला त्या वाचक स्त्रीविषयी बोलायचे आहे, कारण तिच्या एका वाक्याने तुमची झोप उडाली, आणि ती उडाली यावरूनच तुम्हाला तुमच्या वाचकांची किती काळजी आहे हे कळते. तिने काय केले ते पाहा. तिने तुमची उंची वाचली, साइज वाचला, ड्रेस कमरेवर कसा बसला आहे ते निरखले आणि त्यावरून स्वतःच्या अंगावर तो कसा बसेल याचा अंदाज बांधला. तुमच्या शरीराचा तिने मापपट्टीसारखा उपयोग केला, आणि अशा ब्लॉगच्या वाचकाने नेमके हेच करायचे असते. अंदाज चुकला तेव्हा मापपट्टीवर शंका घ्यावी असे तिच्या मनातही आले नाही, कारण तुमच्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. मग शंका घ्यायला तिचे स्वतःचे शरीर तेवढे उरले. तो ड्रेस तिने कदाचित परत केला असेल. शरीराविषयी काढलेला निष्कर्ष मात्र तिच्याजवळच राहिला आहे, आणि तो चुकीच्या पुराव्यावर काढलेला आहे हे आज फक्त तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही खोटारड्या आहात असे मला वाटत नाही. आजारपणाने शरीर ओळखू येईनासे झालेल्या एका बाईने, ज्या कामातून तिला आनंद आणि ओळख मिळत होती ते काम हातचे जाऊ नये म्हणून हाती लागेल तो उपाय केला, असे मला तुमच्या पत्रात दिसते. तरीही गेल्या वर्षभरातली तुमची छायाचित्रे खोटी आहेत. ही दोन्ही विधाने एकत्र खरी असू शकतात, आणि त्यांतल्या दुसऱ्या विधानाचे काय करायचे एवढाच प्रश्न आता उरतो.

खरेपणा म्हणजे सगळे सांगणे आणि सगळे दाखवणे, असा एक समज हल्ली रूढ झाला आहे. तो मला मुळीच मान्य नाही. चाळीस छायाचित्रे काढून त्यांतले एक निवडणे, चांगल्या उजेडाची वेळ साधणे, दंड झाकणारा शर्ट घालणे, एखादा आठवडा मन नसेल तर काहीच न टाकणे, आजाराचे नावही न घेणे, हे सारे तुमच्या अधिकारातले आहे. तुमच्या औषधांच्या चिठ्ठीवर वाचकांचा कसलाही हक्क नाही. तुम्ही काय झाकता याचा हिशेब त्यांनी मागू नये. पण तुम्ही जे दाखवता आणि ज्याच्या भरवशावर ते काही ठरवतात, ते जसे आहे तसे असावे, ही अपेक्षा रास्त आहे. तुमच्या लेखनाचा विषयच कापड अंगावर कसे बसते हा आहे. कंबर ॲपमध्ये आत ढकलली की कापडाविषयी तुम्ही दिलेली साक्षही बदलते: शिवण कुठे ताणली जाते, पोटाशी चुणी पडते का, बटणांमध्ये फट राहते का, हे सगळे त्या एका बोटाच्या हालचालीत पुसले जाते. म्हणून भिंतीवरचा डाग किंवा कपाळावरचा मुरूम पुसणे आणि कंबर बदलणे यांना मी एका पारड्यात घालणार नाही. क्लिपांचेही तसेच. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये मॉडेलच्या पाठीमागे कपडा टाचण्यांनी किंवा क्लिपांनी आवळण्याची पद्धत जुनी आहे, कारण नमुन्याचा एकच कपडा वेगवेगळ्या अंगांवर दाखवायचा असतो. कॅटलॉगवर विसंबता येत नाही म्हणूनच तर लोक तुमच्याकडे येतात.

तुमच्या वाचक स्त्रीच्या वाक्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे ‘साइजही एकच’. साइजच्या त्या आकड्यावर आपण जेवढा विश्वास टाकतो तेवढ्याला तो पात्र नाही. अमेरिकेत १९३९ आणि १९४० या वर्षांत रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सरकारी प्रकल्पात सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी पन्नासहून अधिक मापे घेतली, आणि निष्कर्षांसाठी त्यांतून केवळ गोऱ्या स्त्रियांची मापे ठेवली. त्या पायावर १९५८ साली तिथे स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या मापांचे एक प्रमाण ठरवले गेले. शरीरे त्या कोष्टकात बसेनात, उत्पादकही ते पाळेनात, आणि १९८३ साली ते मागे घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने आकडे लावत आली आहे. एकाच बाईला एका कंपनीचा ‘मीडियम’ सैल होतो आणि दुसरीचा ‘लार्ज’ चढत नाही. तेव्हा यापुढे साइज लिहायचाच तर त्याच्या बरोबरीने छाती, कंबर आणि नितंब यांची आजची मापे सेंटिमीटरमध्ये लिहा, कपडा सपाट पसरून मोजला तर किती भरतो तेही लिहा. आजची मापे लिहिणे तुम्हाला जड जाईल, याची मला कल्पना आहे. पण कबुलीच्या दहा परिच्छेदांपेक्षा या तीन आकड्यांचा तुमच्या वाचकाला जास्त उपयोग होईल.

आता ॲप काढून टाकल्यावर समोर येणाऱ्या छायाचित्राविषयी, कारण तिथे तुम्ही पुन्हा अडखळाल अशी मला भीती वाटते. एडिट न केलेले छायाचित्र म्हणजे निखळ सत्य, असे समजून त्याच्यासमोर मान खाली घालू नका. कॅमेऱ्यालाही त्याच्या खोडी असतात, आणि त्या मुख्यतः अंतराच्या असतात. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी गणिताने दाखवून दिले की चेहऱ्यापासून सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याच्या मानाने नाक जवळजवळ ३० टक्के अधिक रुंद दिसते, आणि ५ फुटांवर गेल्यास तो फरक जवळपास नाहीसा होतो. जे कॅमेऱ्याला जवळ ते मोठे, हा नियम नाकाइतकाच दंडाला, पोटाला आणि मांडीला लागू आहे. फोनच्या नेहमीच्या लेन्स रुंद कोनाच्या असतात, त्यामुळे चौकटीच्या कडेला येणारा हात किंवा पाय ताणल्यासारखा दिसतो. म्हणून फोन हातात धरू नका. तो ट्रायपॉडवर कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर लावा, तीन मीटर तरी मागे न्या, टायमर वापरा आणि चौकटीच्या मधोमध उभ्या राहा. जागा आणि उजेड दर वेळी तेच ठेवा, म्हणजे दोन कपड्यांची तुलना कपड्यांपुरती राहील. समोरून, बाजूने, पाठीमागून आणि खुर्चीवर बसून अशी चार छायाचित्रे काढा. बसलेले छायाचित्र बहुतेक ब्लॉगमध्ये मिळत नाही, खरे तर नोकरी करणाऱ्या बाईचा दिवस खुर्चीतच जातो आणि कपडा काचतो की नाही ते तिथेच समजते.

याशिवाय स्वतःचे छायाचित्र खटकण्यामागे एक अगदी साधे कारण असते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना त्यांच्याच चेहऱ्याची दोन छायाचित्रे दाखवण्यात आली, एक सरळ आणि दुसरे आरशातल्यासारखे उलटे. त्यांचा स्वतःचा कल उलट्या छायाचित्राकडे होता. त्यांच्या मैत्रिणींना आणि जवळच्या माणसांना सरळ छायाचित्र अधिक आवडले. ज्याला जे रूप रोज पाहायची सवय, त्याला ते रूप बरे वाटले. तुम्ही वर्षभर रोज जे रूप पाहिले ते ॲपमधले आहे. तुमचे आजचे शरीर तुम्ही छायाचित्रात जवळपास पाहिलेलेच नाही, मग ते तुम्हाला परके वाटले तर त्यात नवल काय? पहिली काही छायाचित्रे कुठेही न टाकता नुसती काढून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी पाहा.

ॲपने तुमच्या वाचकांचे काय केले याची तुम्हाला खंत आहे. त्याने तुमचे स्वतःचे काय केले, हे मात्र तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले होते की माणूस स्वतःला जोखताना फार वेगळ्या माणसांशी नव्हे, स्वतःसारख्याच माणसांशी तुलना करतो. तुमची उंची, तुमची नोकरी, तुमचे साधे बोलणे यांमुळे त्या वाचक स्त्रीला तुम्ही आपल्यासारख्या वाटलात, म्हणूनच तुमची बारीक कंबर तिला एखाद्या मॉडेलच्या कमरेपेक्षा अधिक लागली. पण तुमच्याशी सर्वांत मिळतीजुळती बाई कोण? ॲपमधली तुम्हीच. दर आठवड्याला तुम्ही तिला घडवता आणि मग आरशासमोर जाऊन तिच्यापुढे हरता. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनाने माझे छायाचित्र छापताना माझ्या हनुवटीखालची वळी मला न विचारता पुसून टाकली होती. तोवर ती वळी मला कधी जाणवलीही नव्हती, पण पुसल्यामुळे ती मला दिसली, आणि पुढे कितीतरी दिवस मी लोकांशी बोलताना मान उंच धरत होते. ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगते, कारण दुरुस्त केलेले छायाचित्र पहिल्यांदा ज्याचे असते त्यालाच दुखावते, हे मी सोसलेले आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. न आवडणारे शरीर लोकांसमोर कशासाठी ठेवायचे? ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम करा’ असे मी तुम्हाला सांगणार नाही. आजाराने आणि औषधांनी बदललेल्या शरीरावर हुकमाने प्रेम बसत नाही, आणि ते बसले नाही की त्याचाही अपराध बाईच्याच माथी येतो. तुम्हाला शरीर आवडून घ्यायचे नाही, त्याला कपडे घालायचे आहेत. एवढे तटस्थ राहता आले तरी काम पुढे जाते. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एकेकट्याने खोलीत आरशासमोर पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला देऊन गणिते सोडवायला सांगितली होती. पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींना गणिते कमी जमली, मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. त्या खोलीत पाहणारे दुसरे कोणीच नव्हते. त्या मुलीच स्वतःला बाहेरून पाहत होत्या आणि त्यात त्यांची बुद्धी खर्ची पडत होती. तुमचीही तशीच पडते आहे, असे मला तुमचे अलीकडचे लेख वाचल्यासारखे डोळ्यांसमोर येते: कपड्याविषयी लिहायला बसलेली बाई कमरेविषयी विचार करत उठते.

म्हणून तुमच्या लेखणीची जागा थोडी बदलून पाहा. कपडा बाहेरून कसा दिसतो याआधी तो आतून कसा वाटतो ते लिहा. हात वर केला तर काखेत ओढतो का, आठ तास बसल्यावर कमरेच्या पट्ट्याचा वळ उठतो का, खिशात फोन ठेवला तर पँट एका बाजूला लोंबते का, चार धुण्यांनंतर गळा ढिला पडतो का. ‘या कपड्यात पोट दिसत नाही’ हे वाक्य तुमच्या शब्दकोशातून काढून टाका, कारण ते लिहिताना पोट दिसणे हा दोष आहे हे तुम्ही वाचकाला न सांगता सांगता. त्याऐवजी ‘पोटाशी कापड सैल आहे, दिवसभर काचत नाही’ असे लिहिता येईल. वजन वाढल्यावर कोणते कपडे चढेनासे झाले, कोणते उसवून वापरता आले, कोणते निरोप देऊन टाकावे लागले, याविषयी तुमच्याइतके अनुभवाने लिहू शकणाऱ्या बायका थोड्या आहेत. ब्लॉग बंद करण्याच्या विचाराला माझा विरोध आहे तो यासाठी.

कबुलीविषयी. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणीने, लाखो लोक तिला पाहत असताना, आपली पुष्कळशी छायाचित्रे काढून टाकली आणि उरलेल्यांखाली ती कशी काढली होती, पोट किती आत ओढले होते, हे लिहून टाकले. तिच्या धाडसाचे मला कौतुक आहे, पण तुमच्याकडून मी एवढ्या वादळाची अपेक्षा ठेवणार नाही. दुसरीकडे, छायाचित्रे तशीच ठेवून खाली ‘एडिट केलेले’ अशी बारीक ओळ टाकणेही पुरणार नाही. फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने जुलै २०२२ पासून जाहिरातींतील बदललेल्या शरीरांवर तशी सूचना सक्तीची केली, आणि नॉर्वेत पैसे घेऊन समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांनाही ती बंधनकारक आहे. लोकांना कळावे म्हणून असे कायदे हवेत, असे मलाही वाटते. पण सूचना वाचल्याने पाहणाऱ्याचे स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान कमी होते, असे बहुतेक प्रयोगांत दिसून आलेले नाही. डोळ्यांनी पाहिलेली कंबर मनात राहते, ओळ राहत नाही. तेव्हा गेल्या वर्षभरातली ती छायाचित्रे काढून टाका, जे कपडे अजून अंगाला येतात त्यांची नवी छायाचित्रे घाला, आणि एक छोटी, साधी पोस्ट लिहा: अमुक काळात मी छायाचित्रांत कंबर आणि दंड बदलले, कपडे क्लिपांनी आवळले, त्यामुळे फिटिंगविषयी तुमची दिशाभूल झाली, याबद्दल मी क्षमा मागते, यापुढे माझी मापे प्रत्येक लेखात असतील. क्षमा छायाचित्रांबद्दल मागा, शरीराबद्दल मुळीच नको. आजाराचा उल्लेख करायचा की नाही, हे पूर्णपणे तुमच्या मनावर. एखाद्या ब्रँडसाठी पैसे घेऊन केलेले काम त्यांत असेल तर पोस्ट टाकण्यापूर्वी त्यांना कळवा. त्यांनी ते दुसऱ्यांकडून ऐकू नये.

काही वाचक दुखावतील आणि जातीलही, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी नसेल. काहीजण मात्र तुमच्या वजनावर बोलायला टपलेले असतील, त्यांच्यासाठी त्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया बंद ठेवायला संकोच करू नका. पुढे एक नियमही घालून देता येईल की इथे कपड्यांवर हवे ते बोला, अंगावर बोलू नका. त्या नियमात ‘बारीक दिसता आहात’ ही स्तुतीही यायला हवी. ती ऐकून तुम्ही सुखावल्या असालच, पण आठवून पाहा, ॲपकडे पहिल्यांदा हात गेला तो अशाच एखाद्या स्तुतीनंतर तर नव्हता ना?

एका बाबतीत मात्र मला थोडे कठोर बोलायचे आहे. वजन उतरावे म्हणून स्टेरॉइडचे औषध स्वतःहून कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा विचार मनात आला असेल, तर तो आजच डॉक्टरांना सांगा. बराच काळ ही औषधे घेतल्यावर शरीर कॉर्टिसॉल हे जगण्यासाठी आवश्यक संप्रेरक स्वतः पुरेसे तयार करत नाही, आणि ती अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकते. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. तसेच छायाचित्रांच्या आदल्या दिवशी जेवण टाळणे, आरशात पुन्हा पुन्हा कंबर तपासणे, लोकांना भेटणे चुकवणे यांतले काही घडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा. सल्ला सदराच्या उत्तराने ते भागणार नाही, आणि त्या दुखण्यावर चांगले उपचार आहेत.

ही सगळी कामे एका दिवसात होणार नाहीत. पण जाहीर पोस्ट लिहिण्याच्याही आधी, शक्य तर हे वाचून झाल्याबरोबर, त्या वाचक स्त्रीला खासगी उत्तर लिहा. महिनाभर ती स्वतःला दोष देत बसली आहे. शब्द तुमचेच असू द्या, पण सुरुवात सुचत नसेल तर ही घ्या: ‘तुमचे पत्र आल्यापासून मला तुम्हाला काही सांगायचे आहे. तो ड्रेस माझ्या कमरेवरही तसा बसत नाही. छायाचित्रात मी तो पाठीमागून क्लिपांनी आवळला होता आणि नंतर ॲपमध्ये कंबर बारीक केली होती. तुमच्या शरीरात काही दोष नाही, चूक माझ्या छायाचित्राची आहे. माझी आजची मापे आणि त्याच ड्रेसमधले, काहीही न बदललेले छायाचित्र सोबत पाठवते आहे. तुमच्या अंगावर तो कुठे ओढतो ते मला कळवाल का? खांद्याशी की कमरेशी?’